आर्थर रोडच्या इस्पितळाच्या दारी

परगावाहून मुंबईस जाणाऱ्या माणसाने तेथे काय काय पाहावे, याची यादी प्रत्येक कुटुंबात ठरून गेलेली असते. समुद्र, महालक्ष्मी, राणीचा बाग, वस्तुसंग्रहालय, आणि सवड राहिली तर घारापुरीची लेणी. गेल्या माघात पुतण्याच्या बिऱ्हाडी चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा सूनबाईंनी मोठ्या अगत्याने विचारले, "काका, उद्या कोठे जावयाचे?" मी म्हटले, "आर्थर रोडवरचे सांसर्गिक रोगांचे इस्पितळ पाहावयाचे आहे." त्या माउलीच्या हातातले ताट तसेच राहिले. "काका, प्रकृती बरी आहे ना आपली?" असे तिने भीत भीत विचारले. मी म्हटले, "प्रकृती ठीक आहे, मनाचे एक काम राहून गेले आहे."

इस्पितळ हे काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे, आणि सांसर्गिक रोगांचे तर नव्हेच नव्हे. तथापि तीर्थाला जाऊन जे आठवावयाचे, ते कधी कधी अशा जागीही आठवते. म्हणून या छोट्याशा प्रवासाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमचा परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळच्या आमच्या भागातील खेड्यापाड्यांतून साथ म्हणजे काय, हे मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकले आहे. आजीचे माहेर गंगाखेडच्या बाजूस, गोदावरीच्या काठी. तिच्या बोलण्यात रोगांची नावे निराळी असत. पटकीला ती 'मरीआईचा फेरा' म्हणे, देवीच्या रोगाला 'बाया' म्हणे, आणि प्लेगाला 'गाठीचा ताप'. घरात आढ्यावरून उंदीर मरून पडला की तिचे वडील दुसऱ्या कोणास न विचारता गाडी जुंपीत. देव, धान्य, अंथरुणे आणि लेकरे गाडीत घालून सारे कुटुंब मळ्यात जाई, आणि कुडाच्या खोपटात दोन-दोन महिने काढी. गाव ओस पडे. कुत्रीसुद्धा माणसांमागे रानात जात. "मळ्यात गेलो म्हणून वाचलो," असे आजी म्हणे. आम्ही शाळा शिकलेली मुले त्यावर हसत असू. या हसण्याचा हिशेब पुढे द्यावयाचा आहे.

परभणीहून मुंबईस जाणारा लोहमार्गही या कथेत साक्षीदार आहे. सिकंदराबादेपासून मनमाडपर्यंतचा गोदावरी खोऱ्यातील हा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. तो अरुंद रुळांचा असल्यामुळे मनमाडास गाडी बदलावी लागे. ते माझ्या तरुणपणीही चालू होते. आता सेलू, परतूर, जालना, संभाजीनगर करीत गाडी सरळ मुंबईत शिरते. खिडकीशी बसून कल्याण आले, तेव्हा मला १८९७ सालचे कल्याण आठवले. म्हणजे पुस्तकांत वाचलेले आठवले. त्या साली मुंबईहून निघालेली प्रत्येक उताराची गाडी कल्याणास थांबवून उतारूंना फलाटावर रांगेने उभे करीत. डॉक्टर नाडी पाहत, आणि काखेत व जांघेत गाठ आहे की काय हे चाचपून पाहत. ज्याला ताप निघेल त्याला बाजूस काढीत. स्त्रियांच्या बाबतीत या तपासणीने जो क्षोभ झाला, त्याची वर्णने त्या काळच्या वृत्तपत्रांत भरलेली आहेत. आगगाडी माणसांना जितक्या त्वरेने नेते, तितक्याच त्वरेने रोगालाही नेते, हे सरकारास समजले होते. परंतु रोग आणि रोगी या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे मात्र समजावयाचे होते.

दुसरे दिवशी सकाळी पुतण्यासह चिंचपोकळी स्थानकावर उतरलो. एके काळी हा सारा मुलूख गिरण्यांचा. भोंग्यावर उठणारी आणि भोंग्यावर झोपणारी लाखो माणसे, त्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले आपले मराठी लोकच पुष्कळ, येथील चाळींतून राहत. आता बहुतेक धुराडी पडली आहेत आणि त्यांच्या जागी काचेच्या गगनचुंबी हवेल्या उठल्या आहेत. आर्थर रोडचे नावही आता साने गुरुजी मार्ग असे झाले आहे. सात रस्त्याच्या आसपास, प्रसिद्ध तुरुंगापासून फार दूर नाही, अशा ठिकाणी हे इस्पितळ आहे. हल्ली त्यास कस्तुरबा रुग्णालय म्हणतात. मुंबईच्या महानगरपालिकेने ते सांसर्गिक रोगांकरिता १८९२ पासून चालविले आहे. म्हणजे प्लेग मुंबईत येण्यापूर्वी चार वर्षे ते उभे होते.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात रोगी तपासून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग गाठीचा प्लेग होय, असे निदान केले. दोन वर्षांपूर्वीच हाँगकाँग येथे यर्सिन याने या रोगाचा जंतू शोधून काढला होता. पण तो माणसात कसा शिरतो हे कोणासच ठाऊक नव्हते. म्हणून जे सुचले ते सर्व करण्यात आले. गटारे धुतली, भिंतींना चुना फासला, छपरांची कौले काढली, सामान जाळले; आणि ऑक्टोबरच्या आरंभी असा हुकूम निघाला की, रोग्यास घरातून काढून सक्तीने इस्पितळात न्यावे. ते इस्पितळ म्हणजे हेच.

आता वाचकांनी त्या काळच्या एका चाळीतल्या खोलीत क्षणभर जाऊन बसावे. धनी तापाने बरळतो आहे. दारात शिपाई आणि डॉक्टर उभे आहेत. त्याला डोलीत घालून नेतात. घरच्यांना मागे येऊ देत नाहीत. तिसऱ्या दिवशी तो गेल्याची बातमी येते, आणि प्रेतही धड दृष्टीस पडत नाही. अशा दहा घरांची कथा एका चाळीत जमा झाली, म्हणजे तीतून काय निष्पन्न व्हावे? लोकांनी असा समज करून घेतला की, इस्पितळात रोगी मरत नाहीत, मारले जातात. त्यांच्या देहाची मोमियाई काढतात. आज आपणांस हे वेडगळ वाटते. परंतु ज्या दाराआड आपला माणूस जातो आणि त्या दाराआड काय चालते हे सांगणारा कोणी नसतो, त्या दाराविषयी मन स्वस्थ बसत नाही. ते आपल्या भीतीतून काहीतरी रचतेच. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणीकामगारांनी या इस्पितळावर हल्ला केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारास सक्ती पुष्कळ सैल करावी लागली. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सक्ती पुन्हा आली. पुण्यात तिचे पर्यवसान कशात झाले, ते रँडचे नाव घेताच प्रत्येक मराठी वाचकास आठवेल.

या सर्व धामधुमीत इस्पितळाच्या आत काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. तेथील मुख्य डॉक्टर नसरवानजी होरमसजी चोक्सी हे पारशी गृहस्थ होते. दगड पडले म्हणून ते इस्पितळ सोडून गेले नाहीत. प्लेगाच्या रोग्यांची सेवा आणि त्या रोगाचा अभ्यास त्यांनी पुढे कित्येक वर्षे केला. इटलीतील प्राध्यापक लुस्टिग यांनी तयार केलेला रक्तद्रव येथे टोचून पाहण्यात आला. त्याचा गुण खरा की भासमान हे कळावे म्हणून आलेल्या रोग्यांपैकी एकाआड एकास तो टोचावयाचा, बाकीच्यांस नेहमीचेच उपचार करावयाचे आणि दोहोंची तुलना करावयाची, अशी पद्धत चोक्सींनी धरली. औषधाची परीक्षा अशा निःपक्षपाती रीतीने घेणे ही त्या काळी मोठी नवलाची गोष्ट होती. त्या रक्तद्रवाने प्लेग हटला नाही हे खरे. तथापि 'मला वाटते' याच्याऐवजी 'मी मोजून पाहिले' असे म्हणण्याची शिस्त या गिरणगावातल्या इस्पितळात दिसली, हे आपण विसरू नये. याच सुमारास जवळच भायखळ्यास ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी प्लेगावर लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

पण लस ही निरोग्याकरिता. जो अंथरुणास खिळला त्याला काय? त्या काळी प्लेगावर खरे औषध नव्हते. उपचाराविना गाठीच्या प्लेगाने निम्म्याहून अधिक रोगी दगावतात, आणि रोग फुप्फुसात उतरला तर बहुधा एकही वाचत नाही. मग डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी करावयाचे तरी काय? तर रोगाचे उपद्रव सांभाळावयाचे. आपल्या आयुर्वेदात मूळ व्याधी आणि तिचे उपद्रव असा भेद केलेला आहे. मुख्य रोगाच्या पाठोपाठ जे दुसरे विकार उठतात ते उपद्रव होत. प्लेगाचे उपद्रव मोठे कपटी असत. पहिला वाताचा. रोगी दारू प्याल्यासारखा अडखळत बोले, झोके खात चाले, आणि संधी सापडताच अंथरुणातून उठून धावत सुटे. त्याला बांधून ठेवण्यापेक्षा उशाशी माणूस बसविणे अधिक गुणकारी. दुसरा गाठीचा. ती पिकली की फोडून, धुऊन, दिवसांमागून दिवस बांधावी लागे. निष्काळजीपणा झाला तर तेथील मांस सडे. काहींच्या डोळ्यांत दाह होऊन दृष्टी जाई, काहींच्या छातीत कफ भरे, आणि गर्भवतींचे गर्भपात होत.

परंतु सर्वांत दारुण उपद्रव निराळाच. ताप उतरला आहे, रोगी शुद्धीवर आला आहे, घरच्यांची आठवण काढतो आहे, आणि आता हा वाचला असे सर्वांस वाटते आहे. अशा वेळी तो पाणी घेण्याकरिता म्हणून एकटाच उठून बसे, आणि बसल्या जागी प्राण सोडी. रोगाच्या विषाने हृदय इतके क्षीण झालेले असे की, उठून बसण्याचा भारही त्याला सोसत नसे. येथे कोणतेही औषध उपयोगाचे नव्हते. उपयोगाची एकच गोष्ट होती: त्याच्या अंथरुणाशी कोणीतरी असणे, आणि "उठू नका, मी पाणी देते," असे म्हणणे.

हीच गोष्ट अशा इस्पितळांत येणाऱ्या इतर रोगांनाही लागू पडते. घटसर्पात मुलाच्या घशात पडदा धरून श्वास कोंडतो. तेव्हा श्वासनलिकेस छिद्र पाडून नळी बसवीत. पण ती नळी घडोघडी साफ करणारे माणूस रात्रभर जागे नसेल तर शस्त्रक्रिया व्यर्थ होई. पुढे प्रतिविष निघाले, घशातला पडदा विरघळू लागला. तरी दोन-तीन आठवड्यांनी हृदय थबकण्याचे किंवा टाळू लुळी पडून दूध नाकातून येण्याचे भय उरतेच. पटकीत शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात. कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनी मिठाचे पाणी शिरेतून देऊन पुष्कळ रोगी वाचविले. आणि १९७१ साली बंगालमधील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी दाखवून दिले की मीठ, साखर आणि पाणी यांचे योग्य मिश्रण घोटघोट पाजले तरीही बहुतेक रोगी वाचतात. मात्र ते घोटघोट पाजणारे कोणीतरी हवे. त्या छावणीत ते काम रोग्यांच्या आयाबहिणींनीच केले.

तेव्हा माझ्या लक्षात जे आले ते असे. या इस्पितळास आपण 'विलगीकरणाचे' म्हणतो, पण ज्या अर्थाने लोक तो शब्द घेतात त्या अर्थाने तेथे कोणी वाचलेले नाही. जे वाचले ते विलग केल्यामुळे वाचले नाहीत. विलग केल्यानंतरही त्यांच्याजवळ कोणी राहिले म्हणून वाचले.

मी असा विचार करीत दाराशी रेंगाळत होतो. आतल्या कक्षांत जाण्याचा आम्हांस अधिकार नव्हता, आणि तशी इच्छाही नव्हती. दारावरच्या रखवालदाराने बराच वेळ आमच्याकडे पाहिले, आणि मग जवळ येऊन विचारले, "बाबा, आत कोण आहे तुमचं?" मी म्हटले, "कोणी नाही." तो म्हणाला, "मग इथं उन्हात कशाला उभे राहता?" प्रश्न साधा होता. पण 'आत कोण आहे तुमचं' हे शब्द काही केल्या मनातून जाईनात. परतीच्या वाटेवर पुतण्या बोलत होता आणि मी होकार देत होतो. ध्यान मात्र त्या प्रश्नाकडे होते.

प्लेगाचे गूढ पुढे उकलले. १८९८ साली कराचीस पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखविले की उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसास देतात. प्रथम कोणी मानले नाही. पण पुढे येथे मुंबईतच परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे सांप्रतच्या हाफकिन संस्थेत, झालेल्या संशोधनाने ते सिद्ध झाले. म्हणजे गाठीचा प्लेग हा बहुधा माणसाकडून माणसास होतच नाही. तो रोग फुप्फुसात उतरला तरच श्वासावाटे पसरतो. गाठीच्या ज्या रोग्यांना घरातून ओढून नेले, त्यांच्यापासून शेजाऱ्यास फारसे भय नव्हते. भय होते ते मागे राहिलेल्या खोलीतल्या उंदरांचे. आणि माझ्या आजीचे वडील उंदीर पडताच घर सोडून मळ्यात जात, ते सर्वस्वी बरोबर होते. त्यांना पिसवांची वार्ताही नव्हती. पण त्यांनी घर सोडले, माणसे सोडली नाहीत. आम्ही शिकलेल्यांनी हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

आपल्या पूर्वजांस संसर्ग ठाऊक नव्हता असेही नाही. सुश्रुताने कुष्ठ, ज्वर, शोष आणि नेत्राभिष्यंद असे काही रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे संक्रांत होतात असे सांगून, त्यांची कारणे म्हणून अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एका शय्येवर वा आसनावर बसणे आणि दुसऱ्याची वस्त्रे, माळा व उटणी वापरणे ही गणली आहेत. चरकसंहितेत विमानस्थानात जनपदोद्ध्वंस म्हणून एक स्वतंत्र अध्यायच आहे. निरनिराळ्या प्रकृतीची माणसे एकाच रोगाने एकाच वेळी कशी मरतात, असा अग्निवेशाचा प्रश्न आहे, आणि वायू, उदक, देश व काल ही चार सर्वांना समान असतात, ती बिघडली म्हणजे तसे होते, असे आत्रेयांचे उत्तर आहे. मी शाळेत संस्कृत शिकवीत असताना हे अभिमानाने सांगत असे. पण एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती. वाळीत टाका असे वैद्यकशास्त्र कोठेही म्हणत नाही. तेच शास्त्र वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगते. परिचारक नसेल तर चिकित्सा लंगडी.

आमच्यासारख्या घरांतून सोवळ्याचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या झालेला. दूर बसणे, शिवू न देणे, भांडे निराळे ठेवणे हे आम्हांस शिकवावे लागत नाही. साथ आली की आम्हांस वाटते, हे तर आम्ही पूर्वीपासून करीतच आहो. परंतु सोवळे माणसास दूर ठेवते, आणि विलगीकरणाने रोगास दूर ठेवावयाचे असते. पहिल्यात दूर ठेवलेल्याची चौकशी करावी लागत नाही. दुसऱ्यात ती केलीच पाहिजे. हा भेद ज्यांनी आचरून दाखविला, त्यांत सावित्रीबाई फुले यांचे नाव अग्रगण्य आहे. १८९७ च्या प्लेगात त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूस, ससाणे यांच्या माळावर, रोग्यांकरिता दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलास प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचविले. मुलगा जगला, त्या १० मार्च १८९७ रोजी प्लेगानेच गेल्या. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदूंकरिता निराळे प्लेगाचे इस्पितळ काढण्यास पुढाकार घेतला, आणि मुंबईतही निरनिराळ्या समाजांनी आपापली इस्पितळे उघडली. त्यांत ज्ञातिभेद होताच. पण तेथे रोग्यास ओळखीचे मुख दिसे, ओळखीची भाषा ऐकू येई, आणि आप्तांस येता येई. जे इस्पितळ सक्तीने भरत नव्हते, ते विश्वासाने भरू लागले.

पुढे शास्त्राने मोठी मजल मारली. गंधकयुक्त सल्फा औषधांचा प्लेगावरील प्रयोग हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखे यांच्या कारकीर्दीत झाला. नंतर स्ट्रेप्टोमायसीन आले, आणि वेळेवर दिले तर प्लेगाचा रोगी बहुधा बरा होऊ लागला. १९७५ च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. २०११ च्या जानेवारीनंतर पोलिओचा. आता ही इस्पितळे कायमची ओस पडणार असे वाटावे, तोच १९९४ साली आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी उंदीर मरून पडू लागले आणि प्लेगाची आवई उठली. पाठोपाठ सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगाने लाखो लोक शहर सोडून पळाले. त्या वेळी परभणीच्या बाजारात तोंडाला फडके बांधून हिंडणारे आमच्याच शाळेचे शिक्षक मला आठवतात. त्यांत मीही होतो. आणि मार्च २०२० मध्ये करोनाची साथ मुंबईत शिरली, तेव्हा पहिले रोगी नेण्यात आले ते याच आर्थर रोडच्या इस्पितळात.

आता मनाचे जे काम राहून गेले होते, ते सांगून टाकतो.

२०२० च्या भाद्रपदात आमच्या वाड्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईंना ताप आला. वीस वर्षे त्या आमच्याकडे येत. माझ्या मुली त्यांच्या अंगाखांद्यावर वाढल्या. घरात बारा माणसे, त्यांत तीन वृद्ध. मी निरोप पाठविला की, पुरते बरे वाटल्यावाचून येऊ नये. निरोप योग्यच होता. आजही मी तोच पाठवीन. परंतु त्या निरोपापुढे आणखी एक वाक्य असावयास हवे होते, ते मी पाठविले नाही. तीन आठवडे त्यांच्या घरी चूल पेटते की नाही, औषध कोण आणते, पाणी कोण देते, हे आमच्या बारा जणांपैकी एकानेही विचारले नाही. दूर ठेवले आणि विसरलो. सोवळ्याचा अभ्यास असा कामी आला.

२०२१ च्या चैत्रात थोरले बंधू अण्णा यांस तोच रोग झाला. त्यांना एका इस्पितळात ठेवावे लागले, आणि आम्ही सारे दाराबाहेर. तेरा दिवस दाराकडे पाहत बसणे म्हणजे काय, हे तेव्हा कळले. १८९६ च्या त्या चाळीतल्या माणसांच्या मनात काय आले असेल, तेही कळले. आम्हांस शांत ठेवले ते एका गोष्टीने. रोज सायंकाळी आतून एका परिचारिकेचा दूरध्वनी येई: "आज दोन घास जेवले. पालथे निजवले आहे. तुमची आठवण काढली." अण्णा बरे होऊन आल्यावर सांगत की, ताप उतरल्यावर ते एकदा एकटेच उठून न्हाणीकडे निघाले, तोच श्वास लागून कोसळणार होते, ती धावत येऊन त्यांना धरून बसली. नखशिखांत पांढऱ्या अंगरख्यात ती असे, आणि ओळख पटावी म्हणून नाव पाठीवर शाईने लिहिलेले. तिचे मुख त्यांनी शेवटपर्यंत पाहिले नाही.

अण्णा घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी कामाच्या बाई दाराशी आल्या. त्या मागेच बऱ्या होऊन पुन्हा येऊ लागल्या होत्या. अण्णांच्या आजारामुळे आम्हीच त्यांना पुन्हा थांबवले होते. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून त्यांनी विचारले, "गुरुजी, अण्णा आता बरे हायत का? रोज विचारावं म्हणत होते, पण तुमी येऊ नका म्हणलात म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारून जात होते." त्या तेरा दिवसांत त्या रोज कोपऱ्यापर्यंत येऊन आमच्या घरची चौकशी करून जात होत्या. मला उत्तर सुचले नाही. मी खाली पाहून "बरे आहेत" एवढेच म्हणालो.

त्या रखवालदाराचा प्रश्न मला का लागला, हे वाचकांस आता कळले असेल. आत आपले कोणी आहे की नाही, हे आपण कोणास आपले म्हणतो यावर ठरते.

साथी पुन्हा येतील. शास्त्र तसे स्पष्टच सांगते. तेव्हा दूर राहावे लागेल, आणि ते हट्टाने पाळलेही पाहिजे. त्यात भावनेचा घोळ घालू नये. पण ज्या दिवशी घरातले किंवा घराच्या आधाराने जगणारे माणूस वेगळे ठेवावयाचे ठरेल, त्याच दिवशी, त्याच बैठकीत, आणखी तीन गोष्टी कुटुंबप्रमुखाने ठरवाव्या. याचे खाणेपिणे दाराशी कोण पोचवील. याचा ताप, श्वास आणि पाणी यांची चौकशी सकाळ-संध्याकाळ कोण करील. आणि ताप उतरल्यावर, जेव्हा सर्वांस वाटते की संकट टळले, त्या दिवसांत याच्यावर नजर कोण ठेवील. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, कारण पुष्कळ घात त्या दिवसांतच होतात. आमच्या घरी ही तीन कामे आता भिंतीवरच्या पंचांगामागे लिहून ठेविली आहेत, आणि त्यांखाली घरच्या बारा नावांबरोबर तेरावे नाव कामाच्या बाईंचे आहे.

परतीच्या गाडीत कल्याण मागे पडले तेव्हा रात्र झाली होती. फलाटावर माणसांची झुंबड होती, आणि कोणी कोणाची काख चाचपीत नव्हते. पुतण्याच्या पत्नीने दिलेली दशमी सोडताना मी मनाशी ठरविले की, घरी पोचताच प्रथम बाईंच्या वस्तीत जाऊन यावे. त्यांच्या नातवास दोन दिवसांपासून ताप असल्याचे निघताना कानावर आले होते.